रंभाबाईंची खीर आणि मंडळाचं कुलूप

रंभाबाई मेश्राम बसलेल्या मी फारशा पाहिलेल्या नाहीत. वॉटफर्डच्या मैत्री बौद्ध मंडळाचा मी सेक्रेटरी, म्हणजे खुर्च्या मांडणारा आणि उचलणारा. त्यामुळे कोण कुठे टेकतं हे मला पाठ आहे. वक्ते माइकला चिकटलेले असतात, श्रोते डुलक्या घेत असतात आणि रंभाबाई किचनच्या दारात पळी घेऊन उभ्या असतात. भाषण लांबलं की त्या पातेल्यावर झाकण आपटतात. भल्याभल्या विचारवंतांचा समारोप त्या झाकणाने केलेला आहे.

नागपूरहून त्या मुलाकडे, पुष्करकडे आल्या त्याला बरीच वर्षं झाली. नवरा गेलेला, पुष्कर एका भाड्याच्या खोलीत राहणारा, आणि दिवसभर बोलायला भिंती. कोणीतरी त्यांना बुद्ध पौर्णिमेला आमच्या हॉलवर आणलं. हॉल म्हणजे स्काउटांची जुनी लाकडी हट, मंडळाने लीजवर घेतलेली. त्या दिवशी दारात त्यांना कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आधी खिरीची वाटी हातात दिली. ही गोष्ट सांगताना रंभाबाई दरवेळी डोळे पुसतात, आणि दरवेळी पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "पण खीर करपली होती, बाबू." ती करपलेली खीर चाटूनपुसून खाऊन त्या तडक किचनमध्ये गेल्या आणि पळी हातात घेतली. ती पुन्हा कोणाला मिळाली नाही.

गेल्या वर्षी पुष्करला ब्रिस्टलला नोकरी मिळाली, विमानांच्या पंखांचं डिझाइन करायची. उन्हाळ्यात घर हलवायचं ठरलं. रंभाबाई मला म्हणाल्या, "जा लागते तं जाऊ. पण ह्या पौर्णिमेची खीर माह्या हातची झाली पाहिजे. मंग हॉलले कुलूप लावा नाई तं काई बी करा."

कुलूप त्याआधीच लागलं.

झालं असं, की एप्रिलात भीमजयंतीच्या जेवणाला अपेक्षेच्या दुप्पट माणसं आली. नवे विद्यार्थी, केअर होममध्ये कामाला आलेल्या बायका, त्यांचे मित्र, मित्रांचे फ्लॅटमेट. आमचे अध्यक्ष राजेंद्र गजभिये रांगेत सगळ्यांत शेवटी उभे राहिले, कारण अध्यक्षाने शेवटी जेवावं हे त्यांचं तत्त्व. त्यांच्या ताटात भात आणि लोणचं पडलं. तत्त्व त्या दिवशी निवर्तलं. राजेंद्रभाऊंची उभी हयात विमानतळावर लोकांच्या बॅगा उघडून बघण्यात गेलेली. निवृत्त झाले तरी माणूस समोर आला की त्यांची नजर आधी त्याच्या पिशवीकडे जाते. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, ते उभे राहिले आणि म्हणाले, "दारावर प्रॉपर गेट पाहिजे. मेंबरला पास. नो पास, नो प्लेट. आणि बजेटमध्ये त्याची प्रोव्हिजन."

उपाध्यक्ष कल्याणी खोब्रागडे लगेच उठली. ती कौन्सिलच्या हाउसिंग विभागात आहे. नाही म्हणण्याचा तिला पगार मिळतो आणि तो ती इमानाने कमावते. "राजेंद्रभाऊ, विथ ड्यू रिस्पेक्ट, सुजाताने सिद्धार्थाला खीर देताना पास मागितला होता का?"

"सुजाताकडे एकच माणूस आला होता," राजेंद्रभाऊ म्हणाले. "तो फ्लॅटमेट घेऊन आला नव्हता."

कल्याणीचं म्हणणं उलटं होतं. सदस्य व्हायला इथे दोन वर्षं राहिलेलं असावं हा जुना नियमच काढा, नव्या माणसाला पहिलं वर्ष फुकट सदस्यत्व द्या, आणि बजेटमध्ये त्याची तरतूद करा. ती हे कोणासाठी म्हणत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. रंभाबाईंच्या शेजारच्या शेअर्ड घरात वरदा ढोके नावाची बाई राहायची. पस्तिशीची, केअर व्हिसावर आलेली, मुलगी नागपूरला आईकडे ठेवलेली. आठवडाभर इंग्रज म्हाताऱ्यांना उठवायचं-बसवायचं आणि रविवारी हॉलवर येऊन मराठीत पोटभर बोलायचं, एवढंच तिचं सुख. रंभाबाई बोलणाऱ्याला कांदे चिरायला बसवतात, त्यामुळे आमच्याकडे त्या महिन्यांत कांदा भरपूर असे. गेट झालं असतं तर वरदा बाहेर राहिली असती.

मतं समसमान पडली. बजेट नामंजूर.

आता आमची घटना. आमची दोन माणसं भेटली की जय भीम होतो, तिसरा आला की घटना लिहिली जाते. मंडळाच्या घटनेत राजेंद्रभाऊंनी स्वतःच्या हाताने कलम घातलेलं आहे, की बजेट मंजूर नसेल तर मंडळाचा एक पैसाही खर्च होणार नाही. हॉलच्या विजेचं मीटर टॉप-अपवर चालतं. टॉप-अप म्हणजे खर्च. राजेंद्रभाऊंनी दिवे घालवले, दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मी म्हणालो, "अहो भाऊ, पौर्णिमा तोंडावर आली आहे!"

"अमेरिकेत बघ, मिलिंद. बॉर्डरच्या बजेटवर अडलं की गव्हर्नमेंट शटडाउन. एवढा मोठा देश चालतोच ना?"

"तिथं खीर नसते," रंभाबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून चालू लागल्या. मागे वरदा. दोघींच्या हातात कांद्याची पिशवी.

मग सुरू झाला अबोला. राजेंद्रभाऊ आणि कल्याणी व्हॉट्सॅपवर एकमेकांना कलमं पाठवायचे. मध्ये मी. दोन्हीकडून मला विचारणा की सेक्रेटरी म्हणून तुझी भूमिका काय. माझी भूमिका अशी होती की या दोघांना एका खोलीत कोंडावं आणि किल्ली मी घ्यावी, पण घटनेत तशी सोय नाही. मी खरंच वैतागलो होतो. इतक्या वर्षांत एका बाईने मंडळाकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती आम्हाला देता येत नव्हती.

रंभाबाईंनी मला बोलावून एक मोठा स्टीलचा डबा हातात दिला. आत गरम पाटवड्या. "राजेंदरले नेऊन दे."

डबा गरम होता, वासाने माझाच जीव जात होता. नेऊन दिला. राजेंद्रभाऊंनी पाटवड्या फस्त केल्या, त्यांच्या पत्नी सुमनताईंनी डबा घासला, पालथा घातला, आणि बुडाशी कोरलेली अक्षरं दिसली: "मैत्री बौद्ध मंडळ, वॉटफर्ड."

राजेंद्रभाऊंची झोप उडाली. मंडळाची मालमत्ता अध्यक्षाच्या घरात! तीही शटडाउन चालू असताना! हॉलमध्ये ठेवावा तर स्वतःच कुलूप लावलेलं. उघडलं तर कल्याणी ग्रुपवर टाकणार. विचार करकरून त्यांनी तोड काढली. भांडीकुंडी उपाध्यक्षांच्या ताब्यात असतात, तेव्हा डबा कल्याणीकडे पाठवायचा. त्यांनी तो उचललाही, पण दारात सुमनताई आडव्या आल्या.

"रिकामा?"

"अगं, सरकारी कामाचा डबा आहे."

"कामाचा असो की बिनकामाचा. माझ्या घरातून रिकामा डबा आजवर कोणाकडे गेला नाही, आणि त्या कल्याणीकडे तर नाहीच जाणार. उद्या म्हणेल, गजभियेंच्या घरी मूठभर साखर नव्हती."

तेव्हा डबा कोथिंबिरीच्या सांबारवड्यांनी भरून कल्याणीकडे गेला. नेणारा अर्थात मी.

कल्याणीने सांबारवड्या खाल्ल्या, नाव वाचलं आणि तिलाही घाम फुटला. "मिलिंद, हा डबा माझ्याकडे का? हॉलची किल्ली त्यांच्याकडे. उद्या म्हणतील, मी मंडळाची भांडी घरी वापरते. धिस इज अ ट्रॅप!" डबा परत पाठवायचा तर तिच्याही आईने तिला तीच शिकवण दिलेली. रिकामा जाणार नाही. पण शत्रूला गोड तरी का द्यायचं? तिने मुद्दाम कारल्याची भाजी केली. गूळ न घालता. "कळू दे त्यांना माझं मत," म्हणाली.

राजेंद्रभाऊंना डायबेटिस आहे. त्यांनी ती भाजी डोळे मिटून खाल्ली आणि वाटी बोटाने पुसून घेतली. मग म्हणाले, "बघ सुमन. मी हिच्याशी इतका भांडलो आणि हिने माझ्या शुगरचा विचार केला." मी खाली मान घालून पाणी प्यायलो. खरं सांगणं सेक्रेटरीच्या कर्तव्यात बसत नाही.

पुढच्या खेपेला डबा घेऊन राजेंद्रभाऊ स्वतः गेले. आत कल्याणीच्या मुलासाठी करंज्या. दारात उभ्या उभ्या "थँक यू" झालं, मग "आत या", मग चहा. चहाबरोबर गेटचा विषय निघाला, आवाज चढले, पण करंजी तोंडात असताना माणूस फार ओरडू शकत नाही.

शेवटी वाटाघाटीला सगळे रंभाबाईंकडे जमलो. अर्धं सामान ब्रिस्टलसाठी खोक्यांत भरलेलं. मध्ये तो डबा, कल्याणीकडून फिरून आलेला, झाकण लावलेला. रंभाबाईंनी सांगून टाकलं, "मिटलं की उघडीन."

भराभर मिटू लागलं. गेट होईल: राजेंद्रभाऊंचा विजय. नव्या माणसाला पहिलं वर्ष फुकट आणि पूर्ण सदस्यत्व, दोन वर्षांची अट रद्द: कल्याणीचा विजय. प्रत्येक सदस्याला एक पाहुणा आणता येईल: दोघांचाही विजय. मग राजेंद्रभाऊंनी शेवटचा खिळा ठोकला. "पण मेंबर आपल्या काउंटीत, हर्टफर्डशायरमध्ये राहणारा पाहिजे. बॉर्डर कुठेतरी पाहिजेच. नाहीतर उद्या सगळं इंग्लंड जेवायला येईल."

कल्याणीला ते पटत नव्हतं. ती तोंड उघडणार तेवढ्यात रंभाबाई म्हणाल्या, "होऊ दे ना. लिव, बाबू."

मी लिहिलं. डबा उघडला. आत बेसनाचे लाडू होते. राजेंद्रभाऊंनी अर्धाच घेतला.

त्या संध्याकाळी ग्रुपवर दोन मेसेज आले. एकात होतं, "सुरक्षेच्या प्रश्नावर माघार नाही." दुसऱ्यात, "दारं सर्वांसाठी खुली." खाली लोकांनी दोन्हींना अंगठे दिले, काहींनी तर न वाचता. मीटरमध्ये टॉप-अप पडलं, दिवे लागले, आणि पौर्णिमेला रंभाबाईंनी खीर केली. वरदाच्या गळ्यात सदस्याचा पास होता. तो खिरीत पडू नये म्हणून तिने पाठीवर टाकला होता. निघताना रंभाबाईंनी पळी तिच्या हातात दिली. डबा मात्र स्वतः नेला. म्हणाल्या, "भरून आणीन."

यंदाची पौर्णिमा आली. आमचं गेट म्हणजे एक घडीचं टेबल आणि त्यामागे झगझगीत पिवळं हाय-व्हिज जॅकेट घातलेले राजेंद्रभाऊ. दारात चांगली रांग होती, आणि रांगेत रंभाबाई. ब्रिस्टलहून कोच बसने आलेल्या, काखेत डबा. राजेंद्रभाऊ ताडकन उठले, "जय भीम" म्हणाले, वाकून नमस्कार केला, आणि वाकलेल्या अवस्थेतच थांबले. त्यांना आठवलं होतं.

"रंभाबाई... तुम्ही आता हर्टफर्डशायरच्या..." ज्या माणसाने आयुष्यभर परक्यांच्या बॅगा उपसल्या, तो टेबलावरचे कागद उगाच सरळ करू लागला.

माझं डोकं सणकलं. "भाऊ, काय चाललंय? सोडा त्यांना आत!"

"काऊन सोडाचं?" रंभाबाई म्हणाल्या. "नियम हाय तं सगळ्याइले हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हळूच विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं? मी लिहिलं तेव्हा?"

"मले नाई कळन तं कोणाले कळन? घर खोक्यात भरलं होतं माह्यं. पण वरदा आत येत होती, बाबू. राजेंदरले बी काई तरी द्या लागतच होतं ना."

मी त्यांना पाहुणी म्हणून माझ्या नावावर आत नेणार होतो, पण माझी पाहुणी, माझी मावसबहीण, आधीच आत जाऊन बसली होती. राजेंद्रभाऊंच्या खात्यावर त्यांचे साडू होते. त्यांनी साडूला बाहेर काढायला मान वळवली, तेवढ्यात आतून वरदा धावत आली. हातात पळी, पळीतून खीर सांडतेय.

"माझ्या पाहुण्या आहेत ह्या," ती राजेंद्रभाऊंना म्हणाली. "घ्या माझं नाव. वरदा ढोके, मेंबर."

तिने रंभाबाईंना हाताला धरून आत आणलं आणि आधी खिरीची वाटी हातात दिली. रंभाबाईंनी एक घास घेतला, तोंडात घोळवला. डोळे पाण्याने भरले.

"करपली हाय, पोरी."

"तुम्हाला आणायला दारात आले ना, तेवढ्यात लागली," वरदा म्हणाली आणि पळी त्यांच्यापुढे धरली.

रंभाबाईंनी पळीकडे पाहिलं. हात पुढे झाला, मग त्यांनी तो मागे घेतला आणि पळीऐवजी भरलेला डबा वरदाच्या हातात ठेवला.

"नाई," त्या म्हणाल्या. "मी पाहुणी आहो आता."

मी धावत जाऊन त्यांच्यासाठी खुर्ची आणली. रंभाबाई बसल्या, आणि करपलेली खीर चाटूनपुसून संपवली.