दुधी काचेमागची धुण्याची खोली

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत ए आणि बी या दोन विंग समोरासमोर उभ्या आहेत, मध्ये फक्त गाड्या लावण्यापुरती जागा. त्यामुळे एकीच्या गॅलरीत काय वाळतंय ते दुसरीला दिसतं, आणि शुभाताई टिपणीसांना ते नुसतं दिसत नसे, कळतही असे. चौथ्या मजल्यावरच्या सुनेचे कुर्ते दिसेनासे झाले की ती माहेरी गेली. रागावून गेली की सणाला गेली, हेसुद्धा त्या सांगत. कुणाच्या ऑफिसच्या शर्टांची रांग बंद पडली की त्या घरातली नोकरी गेली. समोरच्या साळव्यांच्या दोरीवर लंगोट लागले, तेव्हा नातवाची बातमी त्यांनी पेढे वाटायच्या आधीच ए विंगभर झाली होती. त्यांचा जन्म विमा कंपनीत लोकांचे अर्ज तपासण्यात गेला, निवृत्तीनंतर ही सवय कुठे तरी जिरवायला हवीच होती.

त्यांची स्वतःची दोरी मात्र कुणी नाव ठेवावं अशी नव्हती. पांढरं ते पांढरंच, नीळ बेताची, आतले कपडे मागच्या दांडीवर आणि पुढे नवऱ्याचे, नंदकिशोररावांचे सदरे, खांद्याला खांदा लावून. काठीने एकेक कपडा वरच्या दांडीवर चढवून तो ओढून सारखा करताना त्या बी विंगकडे न बघता बघत असत. आपलं घर कसं चाललंय हे जगाला यावरून कळतं, असं त्यांचं मत होतं. त्यात फारसं चूक नव्हतं, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

नंदकिशोरराव विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं एकेका शब्दावर आलं. तेवढ्यावर निभावलं असतं, पण रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. डायपर लावला की ते डाव्या हाताने ओढून फाडत. माणूस जन्मभर इस्त्रीच्या कपड्यात वावरलेला, त्याला ते सोसत नव्हतं, आणि बोलून सांगता येत नव्हतं. मग रोज सकाळी चादर, तिच्याखालची गोधडी, कधी उशीचा अभ्रा, असं सगळं दोरीवर.

सुरुवातीला शुभाताईंनी चादरी बेडरूममध्ये पंख्याखाली वाळवून पाहिल्या. घरभर कुबट वास बसला. नाइलाजाने त्या गॅलरीत आल्या, आणि चौथ्या दिवशी शेजारच्या क्षमाने लिफ्टमध्ये सहज विचारलं, की रोज चादरी दिसतात, पाहुणे आलेत का? शुभाताई म्हणाल्या, हो, सोलापूरची नणंद आली आहे. झालं. ती नणंद मग जाईना. तिची तब्येत कशी आहे, ती खाली फिरायला का येत नाही, या सगळ्याची उत्तरं शुभाताईंना तयार ठेवावी लागली. जी बाई लोकांच्या दोऱ्या वाचत होती, तिला आता स्वतःच्या दोरीची धास्ती वाटू लागली. ‘यांचं हे’ कुणाला कळता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. नवऱ्याची अब्रू जपायची, असं त्या स्वतःला सांगत.

त्यातून गॅलरी बंद करून धुण्याची खोली करायची कल्पना निघाली. बहिणीची मुलगी इरावती अंधेरीत घरांची सजावट करते. ती टेप घेऊन आली आणि मावशीचा उत्साह बघून चकितच झाली. मशीन दरवाजा पुढे असलेलं हवं आणि ओट्यासारख्या चौथऱ्यावर उचललेलं, म्हणजे वाकायला नको. चादर भिजत टाकायला खोल सिंक. त्याच्या शेजारी घड्या घालायला ग्रॅनाइटचा कट्टा, खाली मळक्या कपड्यांच्या दोन टोपल्या, वर साबण-डेटॉलचं कपाट. छताला दोरीने खाली ओढता येतील अशा दांड्या, दमट वास बाहेर फेकायला पंखा, जाळीकडे नीट उतार. फरशी फिकट निळी. आणि काचा दुधी, वरपासून खालपर्यंत.

इरावती म्हणाली की वरची अर्धी तरी साधी ठेवू या, उजेड छान येईल. शुभाताईंनी ऐकलं नाही. सेक्रेटरींनीही हरकत घेतली नाही, त्यांची स्वतःची गॅलरी कधीच बंद झाली होती.

एकच गोष्ट अडत होती. मशीनच्या जागी नंदकिशोररावांची वेताची खुर्ची होती. सकाळी उठलं की वॉकर पुढे टाकत, घामाघूम होत ते तिथवर जात आणि दुपारपर्यंत बसत. व्यायाम म्हणून तो तेवढाच.

“मावशी, काका कुठे बसणार गं?” इरावतीने विचारलं.

“हॉलमध्ये. टीव्हीसमोर. तिथं तरी काय, खालच्या गाड्याच बघायच्या.”

हे बोलणं चाललं होतं तेव्हा काका खुर्चीतच होते. त्यांनी काही म्हटलं नाही. त्यांना म्हणता येत नव्हतं, असं शुभाताई धरून चालल्या, आणि तसं धरणं सोयीचं होतं.

खोली देखणी झाली, यात वाद नाही. मिहिर, त्यांचा मुलगा, बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “आई, झकास. हॉटेलसारखं वाटतंय.” चादरी सिंकमधून मशीनमध्ये, मशीनमधून दांडीवर आणि दांडीवरून कट्ट्यावर जात, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही लागत नसे. नणंदेला शुभाताईंनी एकदाचं सोलापूरला परत पाठवलं. कितीतरी महिन्यांनी त्यांना शांत झोप लागली.

नंदकिशोररावांचं मात्र बिनसत गेलं. पहिले काही दिवस ते सवयीने वॉकर घेऊन दुधी काचेपर्यंत गेले, उभे राहिले आणि वळले. मग टीव्हीसमोर बसू लागले, मान खाली घालून. मग उठेनातच. चहा पलंगावर, जेवण पलंगावर, तोंड भिंतीकडे. व्यायाम घ्यायला येणारी श्रुतिका म्हणाली की काकांचा पाय मागे पडतोय, असंच चाललं तर पुन्हा उभे राहणार नाहीत. अंथरूण आता दिवसाही ओलं होऊ लागलं. नवी खोली दिवसभर घरघरत राही आणि शुभाताई मनाशी म्हणत, बरं झालं वेळेवर करून घेतली. त्यांना भीती वाटत होती, पण ती भीती त्यांनी आजाराच्या खात्यावर टाकली होती.

एका रविवारी दुपारी दाराशी पावलं वाजली आणि थांबली. बेल वाजली नाही. शुभाताईंनी दार उघडलं तर समोरच्या विंगमधले धोंडिराम साळवे आणि त्यांच्या पत्नी शांताबाई उभ्या होत्या. बेस्टच्या डेपोतून निवृत्त झालेला हा माणूस. जाता-येता नमस्कार, यापलीकडे ओळख नव्हती. दोघं पांढऱ्या कपड्यात होती. चपला त्यांनी दूर जिन्यापाशी काढल्या होत्या. शांताबाईंनी शुभाताईंचा हात हातात घेतला आणि दोघं सोफ्याच्या कडेला टेकली. शुभाताईंनी चहाचं विचारलं, तर धोंडिराम हात हलवून हळूच म्हणाले की नको वहिनी, आज चहा नको.

चहा कुठल्या घरी घेत नाहीत, हे शुभाताईंना ठाऊक होतं.

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. धोंडिराम ताडकन उभे राहिले. शांताबाईंनी पदर तोंडाला लावला.

“आहेत? साहेब आहेत?” धोंडिरामांनी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. रोज सकाळी धोंडिराम आपल्या खिडकीत चहाचा कप वर करायचे आणि टिपणीस गॅलरीतून डावा हात. झटक्यानंतर पहिल्यांदा तो हात वर झाला, तेव्हा खांद्यापर्यंतही येत नव्हता. पुढे पुढे डोक्याच्या वर जाऊ लागला. त्यांना यायला उशीर झाला तर धोंडिराम चहा गार होऊ द्यायचे, पण कप खाली ठेवायचे नाहीत. मग गॅलरी बंद झाली आणि माणूस दिसेना. आठवडा गेला, महिना होत आला. कुणाला विचारायचं? आणि विचारून नको ते ऐकायला मिळालं तर? शेवटी माणूस गेलाच असं धरून दोघं भेटायला आली होती.

“आणि वहिनी, चादरी पण बंद झाल्या,” शांताबाई म्हणाल्या. “चादरी दिसत होत्या तवर जिवाला बरं वाटायचं. म्हटलं, भाऊ घरात आहेत, वहिनी करतायत त्यांचं. आमच्या सासऱ्यांचं पण मी असंच केलं. आम्ही काय, समोरचे सगळेच रोज बघायचो.”

सगळेच. सोलापूरच्या नणंदेवर बी विंगमधल्या एकाही माणसाने कधी विश्वास ठेवला नव्हता, हे शुभाताईंना त्या क्षणी कळलं. त्यांना वाटायचं, लोक दोऱ्या वाचतात ते आपल्यासारखेच, चघळायला काही तरी हवं म्हणून. दुसऱ्या कुणाला त्याच दोरीवर काळजी वाचता येत असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

धोंडिराम आत गेले. नंदकिशोररावांनी भिंतीकडचं तोंड वळवलं, बघत राहिले, आणि डावा हात वर केला. तो खांद्यापर्यंतही आला नाही. धोंडिरामांनी तो दोन्ही हातांत धरला. दोघं म्हातारे रडले. आता चहा झाला. धोंडिरामांनी नंदकिशोररावांना स्वतः बशीतून पाजला आणि रोज सकाळी येईन म्हणून सांगितलं.

ते दोघं गेल्यावर शुभाताई नंदकिशोररावांचा डावा हात हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसल्या. मशीनमधली धुलाई संपली होती, चादर आत गोळा होऊन पडली होती, तरी त्या उठल्या नाहीत.

“अहो, तुम्हाला तिथंच बसायचं होतं, तर मला अडवलं का नाही? मान हलवली असती तरी मी थांबले असते.”

नंदकिशोररावांच्या तोंडात शब्द जमायला नेहमीसारखा वेळ लागला. शुभाताईंनी या वेळी त्यांचा शब्द आपणच पुरा करायची घाई केली नाही.

“तुला... लाज... वाटत होती,” ते म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, “माझी.”

तुमची नाही हो, त्या चादरींची, लोकांची, असं उत्तर शुभाताईंच्या ओठांवर आलं होतं. इतके दिवस त्यांनी ते स्वतःला ऐकवलंच होतं. पण समोरचा माणूस डोळे न हलवता बघत होता आणि त्याच्या नजरेसमोर ते उत्तर टिकेना.

“हो,” त्या म्हणाल्या. “वाटत होती.”

नंदकिशोररावांनी हात काढून घेतला नाही. डोळे मात्र मिटून घेतले.