सब्ज्याच्या पाल्याची वाटी

"माझ्या हातचं खाऊन बघा, मग दुसऱ्याचं नाव काढा."

गुरम्माचं हे बोलणं आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. कुणी लग्नाच्या पंगतीचं कौतुक केलं, कुणी बार्शीच्या खानावळीतली आमटी वाखाणली, की गुरम्मा आपल्या दारातूनच हे वाक्य सोडायची. आवाज चढवायची नाही. पण ऐकणाऱ्याचं कौतुक तिथंच संपायचं.

वैरागच्या बाजारपेठेमागं आमची गल्ली. माझ्या दारासमोर रुद्रप्पांचं घर. अंगण एक आणि चुली दोन. एका चुलीपुढं रुद्रप्पांची बायको गुरम्मा. दुसऱ्या चुलीपुढं तिची धाकटी जाऊ मायाक्का. रुद्रप्पांचा धाकटा भाऊ वारला, त्यानंतर मायाक्का आपलं आपण करून खायची. तिचा मुलगा महेश्वर पुण्याला हॉटेलात स्वयंपाकाला होता. दोघी जावांत भांडण असं कधी ऐकलं नाही. पण मायाक्काच्या चुलीवरून काही चांगला वास आला, की गुरम्मा आपली खिडकी लावून घ्यायची, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

गुरम्माचं खरं वैभव म्हणजे तिची शेंगदाण्याची चटणी. मंद आचेवर दाणे भाजायचे, फोलं पाखडून टाकायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटत बसायचं. दाण्याला तेल सुटू लागलं की मुसळाचा आवाज बदलतो. कोरडा ठोका ओला होतो. तो आवाज ऐकून मी माझ्या ओट्यावर बसल्या बसल्या सांगायचो, झाली चटणी. मग ती बरणीत भरून मुरू द्यायची. मुरल्याशिवाय कुणाला बोटभरही द्यायची नाही.

रुद्रप्पा कडक भाकरी मुठीनं मोडायचे, वर दही घ्यायचे आणि ही चटणी. बायकोच्या तोंडावर त्यांनी कधी तिला बरं म्हटलं नसेल. पण दुसऱ्याच्या घरी जेवायला बसले की अर्ध्यातच म्हणायचे, बास, घरी चटणी हाय. ते कानावर आलं की गुरम्माला दागिना मिळाल्यासारखं व्हायचं. तिला दुसरा दागिना फारसा नव्हताही.

अशात रुद्रप्पांचे दात गेले. हलत होते, दुखत होते, शेवटी बार्शीच्या डॉक्टरनं होते तेवढे काढून टाकले. हिरड्या भरून आल्यावर कवळी बसवू म्हणाला. तोवर मऊ खायचं. कडक भाकरी बंद झाली. चटणीचे कण हिरडीत रुतायचे, तिखट झोंबायचं. गुरम्मानं ती आणखी बारीक कुटली, तिखट निम्मं केलं, दह्यात कालवून दिली. रुद्रप्पांनी दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. गुरम्मा त्या ताटाकडं कितीतरी वेळ बघत बसली.

त्याच उन्हाळ्यात महेश्वर आईकडं आला. मायाक्कानं सरबतात घालायला आणलेलं सब्ज्याचं बी उरलं होतं, ते तिनं तेलाच्या जुन्या डब्यात माती भरून टाकलं होतं. डबा भरून रोपं माजली होती. महेश्वरनं पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाला, याच जातीच्या पाल्याची आमच्या हॉटेलात चटणी करतात, पेस्टो म्हणतात तिला. त्यानं आईला ती करून दाखवली. पाला, लसूण, काजू, खारट चीजचा तुकडा आणि भरपूर तेल. तो पुण्याला परत गेला, चटणी मायाक्काच्या हातात राहिली.

पहिल्यांदा केली त्या दिवशी तिनं एक वाटी भावजींना नेऊन दिली. रुद्रप्पांनी मऊ भाकरीचा घास त्या हिरव्या चटणीत बुडवला. मग दुसरा. मग वाटीच्या कडेनं बोट फिरवून चाटलं आणि म्हणाले, "उद्याबी दे गं."

त्या 'उद्याबी'नं गुरम्माचं सुख गेलं.

मग रोज दुपारी मायाक्का पदराआड वाटी घेऊन अंगण ओलांडायची. गुरम्मा ती वाटी राखेनं इतकी घासून परत द्यायची, की मागचा वाससुद्धा उरू नये. बायकांत बसली की म्हणायची, त्याला औषधाचा वास येतो. एकदा तिनं मायाक्काला अंगणातच गाठलं.

"माया, आमचा गोठा कवाच मोकळा झाला. पाला कुणासाठी आणतीस गं?"

मायाक्का हसली. "गुरं न्हाईत, पन भावजींना दात बी न्हाईत की, अक्का."

ओट्यावर माझ्याशेजारी बसलेल्या बायकोला हसू आवरेना. गुरम्मानं आम्हा दोघांकडं असं पाहिलं, की पुढं आठवडाभर मी तिच्या दारावरून मान खाली घालून गेलो.

मायाक्का माहेरी, अक्कलकोटला गेली तेव्हा गुरम्मानं संधी साधली. डब्यातला पाला खुडला. तिला वाटलं, चटणी ती चटणी, हिरवी काय नि लाल काय. काजू खमंग भाजले, सगळं उखळात कुटलं आणि वरून जिऱ्यामोहरीची कडकडीत फोडणी ओतली. चर्र असा आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला. मग फडकं बांधून रात्रभर मुरत ठेवली. तिच्या हातानं जन्मभर हेच केलं होतं. तिनं वेगळं कशाला केलं असतं?

दुसऱ्या दिवशी रुद्रप्पांनी फडकं उचललं. आत गाळून टाकलेल्या चहापत्तीसारखं काळं काहीतरी होतं.

"हे काय हाय?"

"हिरवी चटणी."

रुद्रप्पांनी एक घास खाल्ला, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि भाकरी दुधात कुस्करली. मायाक्का कधी येणार, एवढंच त्यांनी विचारलं.

मायाक्का परत आली. आपल्या डब्यातली रोपं खुडलेली तिच्या ध्यानात आलीच असणार, पण तिनं विषय काढला नाही. गुरम्मा सूप घेऊन, तूर निवडायच्या निमित्तानं तिच्या चुलीजवळ जाऊन बसू लागली. विचारायचं काही नाही, नजर मात्र हातावर. मायाक्कानं ओळखलं. ती काम करता करता स्वतःशीच बोलावं तसं बोलायची, की पाला धुऊन पंचावर कोरडा करावा, लसूण नि मीठ आधी वाटावं, तेल कच्चंच सोडावं, विस्तवाची धगसुद्धा लागू देऊ नये आणि केली त्याच दिवशी संपवावी. बोलताना गुरम्माकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. हे तिनं जावेची लाज राखायला केलं. गुरम्माला नेमकं तेच जास्त लागलं. मायाक्कानं हातचं राखून ठेवलं असतं, तर निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

पुढं एका दुपारी मी रुद्रप्पांकडं पेपर परत द्यायला गेलो होतो. ते जेवायला बसलेले. ताटात हिरवीगार चटणी, तेलानं चमकणारी. गुरम्मा शेजारी बसून वारा घालत होती आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होती. रुद्रप्पांनी घास घेतला, घोळवला, गिळला.

"मायाक्काचा हात आज लई गोड पडलाय," ते म्हणाले.

गुरम्माच्या हातातला विंझणा थांबला. तिनं ओठ घट्ट मिटले. आपलं आपण सांगायचं, म्हणजे कौतुक मागून घेतल्यासारखं. ते तिला जमणारं नव्हतं. अंगणात मायाक्का धुणं वाळत घालत होती. तिथूनच ती म्हणाली, "भावजी, मी आज केलीच न्हाय. अक्कांनी केलीय."

रुद्रप्पांनी बायकोकडं पाहिलं. पुन्हा वाटीकडं पाहिलं.

"तुझी हाय व्हय? मग रोज तूच कर की."

उन्हाळाभर जे ऐकायला ती तरसली होती, ते आलं. तिचा चेहरा असा उमलला, की तरुणपणी ही बाई कशी दिसत असेल ते मला त्या क्षणी दिसलं. पण रुद्रप्पा साधा माणूस. कुठं थांबावं हे त्यांना कळत नसे.

"पाला मात्र मायाक्काच्या डब्यातलाच घे," ते म्हणाले. "तसला दुसरीकडं गावायचा न्हाय."

गुरम्मा उठली. हात धुतले, खुंटीवरची पिशवी काढली, डोक्यावर पदर घेतला.

"आता उन्हाचं कुटं निघालीस?"

"दर्ग्यापशी फुलवाले बसत्यात. त्यांच्याकडं सब्ज्याची रोपं असत्यात. तुमी जेवा."

मायाक्का मागून म्हणाली, की अक्का, कशाला जाता, यातलीच चार रोपं काढून देते, हवी तर सगळा डबा घेऊन जा. गुरम्मानं वळून पाहिलं नाही. भर दुपारी, सावली पायाखाली आलेली, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. त्या पांढऱ्या उन्हातून ती ताठ मानेनं, आपल्या रोजच्या चालीनं, जराही घाई न करता गेली. रुद्रप्पा ओला घास हातात धरून उंबऱ्यापर्यंत आले होते. मायाक्का पिळलेलं लुगडं तसंच खांद्यावर टाकून उभी होती, पाणी तिच्या पाठीवरून गळत होतं. मी त्या दोघांच्या मागं होतो. ती पेठेच्या वळणाला लागून दिसेनाशी झाली, तरी आमच्यापैकी कुणी जागचं हललं नाही.