गोटीरामची हाक

तळवलीची खारीची शेतं भरतीच्या पाण्याहून सखल होती. मध्ये काय तो मातीचा बांध, आणि बांधावर गोटीराम. रोज तो त्यावरून अनवाणी चालत जाई. माती कुठे मऊ झाली ते त्याच्या तळव्यांना कळे. बांधाला खांड पडली की दोन्ही हात तोंडाशी धरून तो हाक मारी, आणि घराघरातून एकेक माणूस हातातलं काम टाकून धावे. नामदेव तर एकदा मुंडावळ्यांसकट आला होता. ओहोटी संपायच्या आत चिखलाचे गोळे आणि पेंढा रचून खांड बुजवायची, हा गावचा रिवाज. गोटीरामचा बाप अशाच एका खांडीत वाहून गेला होता.

१९५८ च्या उन्हाळ्यात एक साहेब आले. बांधाच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च सरकार देणार, म्हणाले. अट एवढीच, की त्यांनी खांड मोजण्याआधी कोणी हात लावायचा नाही. गोटीराम चौथी शिकलेला. त्यानंच तो कागद गावाला वाचून दाखवला आणि घडी करून टोपीत ठेवला. दगडी बांधाची आस त्याला बाप गेल्यापासूनची.

सोळा ऑगस्टला, शनिवारी, अमावस्येच्या उधाणानं खांड पडली. दोन हातांची, एका ओहोटीचं काम. हाकेसरशी गाव जमला. नामदेवानं पहिला गोळा उचलला, तोच गोटीरामनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. आधी माप व्हायला पायजे."

"दादा, पानी थांबल का मापासाठी?"

"आता पुनवेपरत भरत्या लहान हायत. तवर सायेब येतील. दगडाचा बांध होईल, नामदेवा. मंग कोनाच्या बापाला चिखलात उतरायला नको."

गोटीरामची बायको गोजरा घमेलं घेऊन उभी होती. "अवो, खाडीला वाचता येतो का तुमचा कागद?"

लोक हसले. पण ज्याच्या शब्दावर इतकी वर्षं धावत आले, त्याच्याच शब्दावर परत गेले.

गोटीराम दोनदा कचेरीत जाऊन आला. गुरुवारी येतो, असं साहेबांनी सांगितलं, गुरुवार गेला. दुसऱ्या खेपेला ते दौऱ्यावर होते. खांड रोज थोडी रुंदावत होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गोजरा म्हणाली, "आज तरी हाक मारा." तो म्हणाला, "उद्या येतीलच सायेब."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नारळी पौर्णिमेचं उधाण आलं आणि चाळीस हात बांध घेऊन गेलं. भात पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या. संध्याकाळी शेतांतून मासे फिरत होते.

साहेब सोमवारी आले. फीत लावून झाल्यावर म्हणाले, "बरं झालं, कोणी हात लावला नाही. अनुदान पुरं मिळेल."

मिळालंही. तेवढ्या चाळीस हातांना दगड लागला. गोटीरामला कोणी शिवी दिली नाही. नामदेव फक्त एवढंच म्हणाला, "दादा, आता मिठागरच घालू या." खारट झालेल्या मातीत दोन वर्षं काही उगवलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात माती गोड झाली, पुन्हा लावणी झाली. श्रावणात दगडांना लागूनच खांड पडली, दीड हाताची. गोटीरामनं हाक मारली. लोक दारात आले, अंगणात आले, आणि तिथंच थांबले.

"माप झालं का, दादा?" नामदेवानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

"माप नको. चला."

"मंग अनुदान नाय मिलनार." नामदेव ओट्यावर बसला. बाकीचेही हळूहळू आत गेले.

घमेली दोनच होती, त्याचं आणि गोजराचं. ती गोळे देत होती, तो रचत होता. निम्मी खांड भरली असेल, तोवर पाणी फिरलं. पायाशी आलं, मग गुडघ्याशी.

"आणखी एकदा मारा हाक," गोजरा म्हणाली.

त्यानं चिखलाचे हात तोंडापर्यंत नेले आणि तसेच खाली घेतले.

"दे," तो म्हणाला. "पुढचा गोळा दे."