भोक पाडलेला पिठाचा डबा

लोणच्यासाठी व्हिनेगरची बाटली उघडली की मला आमची घाटकोपरच्या चाळीतली मोरी आठवते. ऐंशीच्या सुमारास ती माझी डार्करूम होती आणि फोटो धुताना तिथे हाच वास भरायचा.

आमच्या फोटोग्राफीच्या वर्गाला एक नावाजलेले फोटोग्राफर शिकवायचे. "सोमवारी स्वतः काढलेला एक फोटो हवा. नसेल तर वर्गात बसू नका," त्यांनी बजावलं. माझ्याकडे कॅमेराच नव्हता. पण सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही फोटो निघतो, हे त्यांनीच शिकवलं होतं. मी आईच्या पिठाच्या डब्याला भोक पाडलं आणि आत फोटोचा कागद लावला.

"डब्याक भोक पाडलंस? आता पीठ खंय ठेवू?" आई ओरडली. तरी रविवारी सकाळी गॅलरीतल्या उन्हात डब्यासमोर बसली. चार मिनिटं हलायचं नव्हतं. तेवढ्यात नळाला जेमतेम पाच मिनिटं येणारं पाणी आलं. अख्खी चाळ कळश्या घेऊन तिच्यासमोरून धावली. ती जागची हलली नाही.

सोमवारी सर फोटो बघतच राहिले. "चाळ इतकी रिकामी कधी मिळाली तुला?"

"रिकामी नव्हती, सर. पाण्याला गर्दी होती. फोटोला चार मिनिटं लागली, त्यात धावणारे उमटलेच नाहीत. आई तेवढी बसून होती."

सरांनी भिंतीवरचा स्वतः काढलेला फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला माझा अडकवला.

डब्याने कमाल केली, असं मी घरभर नाचत सांगितलं. शेजारणीकडून मागून आणलेल्या अर्ध्या बादलीत आई भांडी विसळत होती. हसून म्हणाली, "आमचा पाणी गेला, ता सांगितलंस मां त्यांका?"