बांगडीवालीचा जादा भरणा

चौऱ्याहत्तर साली मी हिंगोलीत बँकेचा कॅशियर होतो. कनेरगाव नाक्याची एक बांगडीवाली दर बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन पायी यायची. तिच्या चालण्यानं डांबरी रस्ता वीतभर खचला होता. खोटं वाटलं तर मोजून या! वाचलेलं एसटीचं भाडं ती गहाण घरापोटी, हप्त्याच्या वर भरायची. नाणी अशी आपटायची की मॅनेजरसाहेब झोपेतून सही करत उठायचे.

"मावशी, काहून एवढी तकलीफ? मुदत अजून पाच वर्षं हाय," मी एकदा विचारलं.

"पोरगी तवर थांबंल व्हय? तिची पाठवणी बँकेच्या घरातून न्हाई करायची मला."

लग्नाच्या आठ दिवस आधी तिनं कागद सोडवले. पदराखाली धरून म्हणाली, "साहेब, लग्नाला या. आता माझ्या घरी या म्हणता येतं."