बोरांना लेबल

लोककथा गोळा करण्यासाठी मी आयुष्यभर गावोगाव हिंडलो. निवृत्तीनंतर लक्षात आले की, दुसरीच्या वर्गात आठवड्यातून एक तास उभे राहिले तरी पुरते. किस्से कपड्यांना कुसळासारखे चिकटून घरी येतात, झटकले तरी जात नाहीत!

सोलापुरातल्या एका शाळेत मी मुलांना 'ज्या ऋतूत जे पिकते आणि जवळ पिकते, ते खा' एवढेच शिकवतो. फाटकाशी वळसंगच्या शेवंताबाई बोरे विकत बसतात. यंदा शाळा समितीने तिथेच पाटी लावली: 'लेबल नसलेले खाद्यपदार्थ विकण्यास मनाई.' मुले ती रोज मोठ्याने वाचतात. मी रदबदली केली, तेव्हा हेडबाई म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत मुलांनी आपणहून ती टोपली निवडली, तर मी समितीशी भांडेन." म्हणजे शेवंताबाईंची जागा माझ्या शिकवण्यावर अवलंबून!

*

पहिला धडा अंतराचा. "करमाळ्याची केळी आणि काश्मीरचे सफरचंद. आपल्याला जवळचे कोणते?"

"सफरचंद!" अरहान म्हणाला. त्याचे वडील ट्रक चालवतात.

"अरे, काश्मीर किती लांब आहे!"

"लांब कायकू? अब्बा घर तक लाते. करमाळ्याला ते कद्दीच जात नाहीत!"

फळ्यावर काढलेला नकाशा मी पुसला.

*

दुसरा धडा ऋतूंचा. तो तीन आठवडे चालला. अखेर विचारले, "आत्ता थंडीत आंबा मागायचा का?"

"न्हाय!" साऱ्या वर्गाने एका सुरात सांगितले. मला भरून आले.

"मग आंबा कधी खायचा?"

"पाव्हणे आल्यावर!"

चौकशीअंती कळले की, निम्म्या घरांत रसाचे डबे फ्रीजरमध्ये पाहुण्यांची वाट पाहत असतात.

*

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, आपल्याकडे शेतात जेवण असते. त्या दिवशीची भजी तळणाची नव्हे, एकत्र शिजवलेली मिसळभाजी; त्या ऋतूतल्या शेंगा-भाज्यांची जणू हजेरीच. अभ्यासकाला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. मी गृहपाठ दिला, "भजीत काय काय घालतात, ते आजीला विचारून या."

संध्याकाळी एका आईचा मेसेज आला, "सर, व्हिडिओ बघून सगळी तयारी केलीय. फक्त ब्रोकोली दोन दुकानांत संपलीय. मार्क कापणार का?"

आजी त्याच घरात, शेजारच्या खोलीत होती!

*

अंबाडीची जुडी घेऊन गेलो. तिच्या गुणांवर वीस मिनिटे बोललो. शेवटी विचारले, "ही भाजी कोणाच्या घरी करतात?"

श्रावणीने हात वर केला. तिचे घर यंत्रमागवाल्यांचे, घरातली बोली तेलुगू.

"शाबास! सांग सगळ्यांना."

"सर, ही गोंगुरा आमच्यात सकाळी पण, रात्री पण. ही जुडी तुमीच घरी न्या की! आईला दाखवू नका."

*

संक्रांतीच्या आदल्या दिवशी निवड झाली. एका टेबलावर समितीने पाठवलेली चकचकीत सफरचंदे, प्रत्येकावर स्टिकर. दुसऱ्यावर शेवंताबाईंची टोपली, शेजारी त्या स्वतः. हेडबाई म्हणाल्या, "घ्या, हवे ते एक."

सगळा वर्ग सफरचंदांवर तुटून पडला. सगळा! मी खिडकीबाहेर पाहू लागलो. शेवंताबाई टोपलीवर फडके टाकत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर. ल्हान लेकरं हायती."

एवढ्यात सफरचंदे एकेक करून टेबलावर परत येऊ लागली. बिनस्टिकरची! मुलांनी फडके बाजूला सारले, एकेक बोर उचलले आणि त्यावर स्टिकर दाबून बसवले. टेबलावर उरलेल्या सफरचंदांची स्टिकरे टोपलीला.

"बाई, आता लेबल हाय की!" श्रावणी म्हणाली.

"आजी को बैठने दो," अरहान म्हणाला.

हेडबाईंनी त्याच्या हातातले बोर घेऊन वाचले, "न्यूझीलंड." मग म्हणाल्या, "शेवंताबाई, उद्यापासून टोपली फाटकाच्या आत, सावलीत ठेवा. समितीचं मी बघते." आणि बोर तसेच तोंडाशी नेले.

"अवो बाई," शेवंताबाई ओरडल्या, "आदी ते सोला की! बोर आमचं हाय, वरचं कुणाचं काय म्हाईत!"