आदिनाथ पेंटरची अक्षरं

शहागडच्या हायवेला ट्रक रंगवणारे छप्पन्न झाले, पण ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहावं ते आदिनाथ पेंटरनंच! इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं. अर्थ विचारला की गिऱ्हाईक बघून सांगायचा. नव्या ड्रायव्हरला म्हणायचा, “हॉर्न वाजव, मंग पुढं जाय.” म्हाताऱ्या ड्रायव्हरला म्हणायचा, “समदं ठीक हाय, देवाची किरपा.”

त्याची बायको सोनूबाई त्याच्या वरताण. हा दारात रंगाचे डबे मांडून बसला, की डोक्यावर हंडा घेऊन ती मागून ओरडायची, “हॉर्न ओके प्लीज!” हा निमूट डबे सरकवायचा. भांडून अबोला धरला, तरी तो मोडायचा तो याच शब्दांनी. चाळीस वर्षं संसार असा हसतखेळत झाला.

पंधरा दिवसांमागं ती भल्या सकाळी कापूस वेचायला निघाली आणि वडीगोद्रीजवळ एका ट्रकनं तिला उडवलं. ट्रक थांबला नाही, नंबर कुणी पाहिला नाही. अरे मेल्या, माणूस होतं ते, काय कुत्रं-मांजर होतं? तेव्हापासून आदिनाथ रस्त्याकडंला बसून प्रत्येक ट्रककडं बघायचा. कोण होता तो, एवढंच त्याला हवं होतं. त्याशिवाय घास उतरत नव्हता.

काल राधेश्याम ड्रायव्हर आला. दोघांची वीस वर्षांची दोस्ती. तो इतके दिवस गुजरातेत होता, त्याला कुणी काही कळवलं नव्हतं. उतरल्या उतरल्या म्हणाला, “आदिनाथ, मागचं समदं खोडून नवं लिही. जल्दी.”

“दसऱ्याला तर लिहिलं. बराबर हाय की.”

राधेश्यामनं मान खाली घातली. “जाताना वडीगोद्रीपाशी येक बाई आडवी आल्ती. भ्यालो, थांबलो न्हाई. मागनं कुणी पाह्यलं असंल तर? तुझी अक्षरं लपत न्हाईत, बाबा.” मग घराकडं बघत म्हणाला, “वहिनी कुठं हाय? चहा सांग.”

आदिनाथनं ट्रकच्या मागं जाऊन आपली अक्षरं पाहिली. मग विचारलं, “हॉर्न वाजीवला व्हता का रे?”

“न्हाई. डोळा लागल्ता.”

आदिनाथ लेकरासारखा रडला.

“ती तुझी वहिनी व्हती, राधे. पंधरा दिस झाले, मी तुलाच धुंडून राह्यलो.”